एप्रिलच्या पावसात सेरेंगेटी

टांझानियाला जायचं ठरलं तेव्हा जो तो एकच सांगत होता, जुलै ते ऑक्टोबरमध्ये जा. तेव्हा गवत वाळलेलं असतं, जनावरं पाणवठ्यावर गोळा होतात, मारा नदी ओलांडणारे कळप दिसतात. आम्ही एप्रिलचा पहिला आठवडा धरला. मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा, स्वाहिलीत मसिका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस येतो, तो वुली. मसिकात बरेच कॅम्प बंद असतात, चालू असतात त्यांचे दर उतरलेले असतात आणि रस्त्यावर गाड्याही कमी. पण एप्रिल निवडण्याचं खरं कारण बाबा होते. त्यांना गवत बघायचं होतं. यवतमाळ जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून त्यांची सगळी नोकरी गुराढोरांत गेली. लाखो जनावरं ज्या चाऱ्यामागे चालतात तो चारा आहे तरी कसा, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं. आपल्याकडे ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे ऐन पावसातलं जंगल आपल्या वाट्याला फारसं येत नाही. तिथे ते पावसाळ्यातही उघडं असतं.

पहिला दिवस : आरुशा

मुंबईहून अदिस अबाबा, तिथून किलिमांजारो विमानतळ. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो पूर्ण ढगात होता. आरुशा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर असल्यामुळे विषुववृत्ताच्या इतक्या जवळ येऊनही संध्याकाळी स्वेटर घालावा लागला. सामान बांधताना एक लक्षात ठेवा, टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. ओले कपडे ठेवायला कापडी किंवा रबरी पिशवीच न्यावी.

रात्री आमचा ड्रायव्हर-गाइड भेटायला आला. काय काय बघायचंय, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "गवत." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्झे, मग तुम्ही बरोबर महिन्यात आलात." तेव्हापासून शेवटपर्यंत बाबा त्याच्यासाठी 'म्झे' राहिले. वडीलधाऱ्या माणसाला तिथे असंच हाकारतात.

दुसरा दिवस : तारांगिरे

तारांगिरे राष्ट्रीय उद्यान कोरड्या दिवसांत हत्तींसाठी प्रसिद्ध आहे. आजूबाजूचं पाणी आटलं की सगळे कळप तारांगिरे नदीवर येतात. पावसाळ्यात याच्या उलट होतं. पाणी सगळीकडे असतं, मग नदीला चिकटून राहायची गरज उरत नाही. झेब्रे आणि विल्डबीस्ट (बैलासारख्या अंगाची मोठी हरणं) उद्यानाची हद्द सोडून पूर्वेला सिमांजिरोच्या माळावर चरायला जातात. नकाशावर उद्यानाची रेघ आहे, पण निम्मं वर्ष या जनावरांचं पोट त्या रेघेबाहेर भरतं, मसाई गुराख्यांच्या कुरणांवर. तिकडे शेती वाढत गेली तसे जाण्यायेण्याचे मार्ग अरुंद होत गेले. फक्त उन्हाळ्यात येणाऱ्याला ही गोष्ट कळणारच नाही, कारण तेव्हा सगळी जनावरं उद्यानात असतात.

सकाळभर जनावरं कमी दिसली. त्याचं वाईट वाटलं नाही, कारण गोरखचिंचांवरून नजर हटत नव्हती. कोरड्या दिवसांतल्या फोटोंत ही झाडं निष्पर्ण असतात. आता प्रत्येक झाडाला हिरवागार पर्णसंभार होता. खाली बुंध्यांवर हत्तींनी सोंडेच्या उंचीपर्यंत साल सोललेली. खोडाच्या तंतूंत पाणी साठलेलं असतं, ते मिळवण्यासाठी दुष्काळात हत्ती सुळ्यांनी खोडं पोखरतात. जुन्या जखमांवर साल पुन्हा धरलेली होती. साल अशी गोलाकार निघाली तर बहुतेक झाडं मरतात, गोरखचिंच मात्र ती भरून काढते.

दुपारी पाऊस पडून गेल्यावर एक हत्तींचं कुटुंब रस्त्यालगतच्या डबक्यात उतरलं. चिखल अंगावर उडवणारं एक लहान पिल्लू आडवं पडून पाय झाडत होतं आणि त्याची आई सोंड त्याच्या पोटाखाली घालून उभी होती. चिखल वाळला की त्याचा लेप होतो आणि माशा, गोचिड्या चावत नाहीत. त्सेत्से माश्या इथे भरपूर आहेत. गडद निळे आणि काळे कपडे त्यांना खेचतात, म्हणून खाकी किंवा फिका तपकिरी रंग घालावा. त्यांची चावणी कपड्यातूनही लागते.

संध्याकाळी कॅम्पवर दिवा लागला आणि जमिनीतून पंखवाली वाळवी उठली. पहिल्या चांगल्या सरींनंतर ती अशी हजारोंनी बाहेर पडते, जोड्या जमवते आणि पंख झाडून पुन्हा जमिनीत शिरते. टेबलाजवळच्या एका भोकातून ती रांगेने निघताना मी वाकून पाहत राहिले. भोकाच्या कडेला मोठ्या डोक्याचे सैनिक जबडे उघडून पहाऱ्याला उभे होते, आणि पंखवाल्या एकामागून एक त्यांच्यामधून वर येऊन ओल्या गवताच्या पात्यावर चढत होत्या. पात्याच्या टोकाला गेल्या की उडत. व्हिक्टोरिया सरोवराकडच्या आमच्या स्वयंपाक्याने सांगितलं, त्यांच्या घरी ही वाळवी भाजून खातात.

तिसरा दिवस : गोरोंगोरो

म्तो वा म्बू गावानंतर रस्ता भ्रंशदरीची कड चढतो, मग करातूची लाल माती आणि कॉफीचे मळे. लोडुआरे फाटकापर्यंत डांबर आहे, पुढे कच्चा रस्ता. फाटकानंतर धुकं इतकं दाट की गाडीच्या पुढचे दोन हात दिसेनात. गोरोंगोरो ज्वालामुखीच्या कड्याची उंची २,२०० मीटरच्या वर आहे, पूर्वेकडून येणारे ढग तिथेच अडतात.

सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी हा ज्वालामुखी आतल्या आत कोसळला आणि सुमारे ६०० मीटर खोल खळगा उरला. तळाचं क्षेत्रफळ २६० चौरस किलोमीटरच्या आसपास. आम्ही उतरत होतो तेव्हा अर्ध्या वाटेवर धुकं एकदम संपलं आणि खाली तो सगळा तळ हिरवा दिसला. मधोमध मगाडी सरोवर, त्याच्या कडेला फ्लेमिंगोंची फिकी पट्टी. पावसाने सरोवराचं पाणी पातळ झालं की ज्या सूक्ष्म शेवाळावर हे पक्षी जगतात ते कमी होतं, म्हणून मसिकात बरेच पक्षी दुसऱ्या सरोवरांकडे जातात. तरीही जे उरले होते ते पुष्कळ होते.

पावसात सिंह शोधायची एक सोपी युक्ती गाइडने सांगितली: रस्त्यावर बघा. उंच ओल्या गवतात बसायला त्यांनाही आवडत नाही. आणि खरंच, एका वळणावर चार माद्या मुरमाच्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. गाडी बंद करून आम्ही थांबलो. अगदी जवळची मादी उठली, तिने मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, पाण्याचे थेंब आमच्या काचेवर आले. तिच्या कानामागे गोचिड्या चिकटलेल्या दिसत होत्या, खालच्या ओठाला जुन्या भांडणाचा व्रण. शेजारी दुसरी गाडी नव्हती. कोरड्या दिवसांत अशा ठिकाणी गाड्यांची रांग लागते, आणि रांगेत उभं राहून सिंह बघणं मला कधीच सुखाचं वाटणार नाही.

गेंडा दिसला, पण लांबून. मगाडीच्या पलीकडे एक काळा ठिपका, दुर्बिणीत दोन शिंगं. जिराफ या तळात नाहीतच. मुकुटधारी क्रौंच मात्र सगळीकडे जोड्या-जोड्यांनी, काही पंख पसरून उड्या मारत नाचणारे. संध्याकाळी सहाच्या आत तळातून वर यावं लागतं, आणि पावसात चढाचा रस्ता निसरडा असतो, म्हणून लवकर निघालो.

चौथा दिवस : ओल्डुवाई आणि न्दुटूची वाट

सकाळी कड्यावरून पश्चिमेला उतरलं की पाऊस मागे राहतो. डोंगर ढग अडवतात आणि पलीकडच्या मैदानाला उरलासुरला पाऊस मिळतो. ही बाब पुढच्या दिवशी कळीची ठरली.

वाटेत ओल्डुवाईची घळ. १७ जुलै १९५९ ला पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांना इथे माणसाच्या साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या नातलगाची कवटी सापडली. मनाला त्याहून जवळचं वाटलं ते याच भागातलं लाएटोली. तिथे १९७८ मध्ये सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची, दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं सापडली. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस पडला, ओल्या राखेवरून कुणीतरी चालत गेलं आणि पुढे आणखी राख पडून सगळं झाकलं गेलं. त्या थरात पावसाच्या थेंबांचे खळगेही तसेच राहिलेत. मसिकात ओल्डुवाईला उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा आला. पावसाळ्याच्या सुरुवातीची एखादी सर असावी, असं अभ्यासक मानतात.

न्दुटू म्हणजे सेरेंगेटीच्या दक्षिणेकडचा मैदानी भाग, त्याच्या अलीकडे सखल जागी गाडी रुतली. इथली माती काळी, भेगाळणारी, पाणी पिऊन फुगणारी. बाबा म्हणाले, "हे तं आपलं काळं वावर आहे." चाकांच्या खाचा भरून चाकं गुळगुळीत झाली, मागचं उजवं चाक आसापर्यंत खाली गेलं. खाली उतरण्याआधी गाइडने टपावर उभं राहून चारी बाजूंना दुर्बीण फिरवली, कारण दोन दिवसांपूर्वी त्याच झुडपांत त्याने सिंह पाहिले होते. मग बाबांना दुर्बीण देऊन पहाऱ्याला बसवलं. चाकापुढचा चिखल फावड्याने ओढला, जॅकखाली लाकडी फळी ठेवली, नाही तर जॅकच खाली जातो. चाक उचलून त्याखाली दगड आणि वाळक्या फांद्या कोंबल्या, चाकांतली हवा थोडी कमी केली. तरी गाडी हलेना. शेवटी दुसऱ्या कॅम्पची गाडी आली, पट्टा बांधला आणि एका झटक्यात आम्ही बाहेर. त्या ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. उद्या मी रुतेन, एवढंच म्हणाला. मसिकात या मैदानावर हाच रिवाज आहे.

पाचवा दिवस : न्दुटूचं मैदान

रात्रभर तरसांचा आवाज आणि पहाटे तंबूवर पाऊस. तंबूभोवती राखेची रेघ ओढलेली होती. ओल्या दिवसांत सियाफू मुंग्यांचे तांडे चालतात, राख त्यांना अडवते.

झाडी संपली आणि मैदान उघडलं. पुढे जे होतं त्याला कळप म्हणणं अपुरं आहे. क्षितिजापर्यंत विल्डबीस्ट, मध्ये मध्ये झेब्रे, आणि प्रत्येक दोन-तीन माद्यांमागे एक पिल्लू. सेरेंगेटीच्या या सगळ्या पट्ट्यात मिळून साधारण १३ लाख विल्डबीस्ट आहेत. जानेवारीअखेर ते मार्च या काळात, त्यातही दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या विततात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईबरोबर धावू लागतं. एकाच वेळी इतकी पिल्लं आली की तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार. आम्ही पोचलो तेव्हा पिल्लं दोनेक महिन्यांची होती, त्यांचा बदामी रंग जाऊन अंगावर काळसर छटा येत होती.

पण इथेच का? सगळं रान सोडून याच उघड्या माळावर का? गाइडने सुरक्षित जागी गाडी थांबवली तेव्हा बाबा खाली उतरून उकिडवे बसले. गवत बोटभर उंचीचं. पसरट, गाठी धरून जमिनीला चिकटलेलं. त्यात हरळी होती, आपल्या बांधावरची, पूजेतल्या दुर्वांची. बाबांनी ती हातात न तोडता नुसती बोटांनी चाचपली. माती राखाडी, भुसभुशीत. ही ज्वालामुखींची राख, हजारो वर्षं पूर्वेच्या वाऱ्याने इथे आणून टाकलेली. त्या दिशेला ओल डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी अजून जागा आहे. थोडं खाली चुनखडीचा कठीण थर आहे, त्यामुळे झाडांची मुळं खोल जात नाहीत आणि मैदान उघडं राहतं. राखेमुळे या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस आणि सोडियम जास्त आहे.

बाबांना इतकं पुरलं. ते म्हणाले, "म्हैस व्यायली की दुधावाटे कॅल्शियम जातो. भरून निघाला नाही तर दुग्धज्वर होतो, ती मान टाकून बसते, शिरेतून बाटली लावावी लागते. या बायकांना इथे गवतातून मिळतंय." माद्यांना ते सहज 'बायका' म्हणतात, नोकरीतली सवय.

हा सगळ्यात कसदार चारा नेमका सगळ्यात कमी पावसाच्या भागात आहे. दक्षिण-पूर्वेच्या या पट्ट्यावर डोंगरांची पर्जन्यछाया पडते. उत्तर-पश्चिमेला मारा नदीकडे याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस होतो. जूननंतर इथे पाणी उरत नाही, जे डबक्यांत उरतं ते खारट होतं. मग जनावरांना इथून निघावंच लागतं. म्हणजे कळपांचं जे नदी ओलांडणं पाहायला जग टांझानियाला आणि केनियाला जातं ती नाइलाजाची वाट आहे. त्यांना राहायचं असतं इथे. मारा नदीवरचे मगरींचे फोटो मीही आवडीने पाहिले आहेत, पण विल्डबीस्टचं घर पाहायचं असेल तर ते पावसात पाहावं लागतं, आणि मी हे कुणालाही ठामपणे सांगेन.

मसाई लोक या दिवसांत गाई या मैदानावर आणत नाहीत. विल्डबीस्टच्या पिल्लांमधून एक विषाणू पसरतो, त्याने विल्डबीस्टला काही होत नाही पण गाय मरते. लस किंवा प्रयोगशाळा येण्याच्या कितीतरी आधीपासून मसाईंना हे माहीत होतं, आणि ऐन चाऱ्याच्या दिवसांत ते गुरं डोंगराकडे नेत आले. बाबा यावर गाइडशी तासभर बोलत राहिले.

दुपारी एक एकटं पिल्लू आमच्या गाडीमागे धावू लागलं. वादळात किंवा सरोवर ओलांडताना माय-लेकरांची ताटातूट होते, मग पिल्लू हलणाऱ्या कुठल्याही मोठ्या गोष्टीमागे लागतं. आम्ही थांबलो तर ते बंपरला नाक लावून उभं राहिलं. पापण्या चिखलाने चिकटलेल्या, नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या. गाइडने गाडी अगदी हळू चालवत कळपाच्या कडेपर्यंत नेली आणि इंजिन बंद केलं. पिल्लू एका मादीकडे गेलं, तिने हुंगून शिंगाने ढकललं. दुसरीनेही. माद्या वासावरून आणि आवाजावरून फक्त स्वतःचंच पिल्लू घेतात. मग ते कळपात मिसळलं आणि दिसेनासं झालं. दोन तरस लांब बसून होते.

त्याच दुपारी कोरी बस्टर्डचा नर पाहिला, मान फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून मादीसाठी उभा. आपल्या माळढोकाचा हा सख्खा नातलग. सोलापूरजवळ नान्नजला आता माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. इथे तो नातलग भर माळावर निर्धास्त उभा होता. गवताळ रानाला पडीक जमीन म्हणण्याची आपली सवय कधी सुटणार, हा विचार तिथून मनात आहे.

संध्याकाळी पूर्वेला पावसाचे पडदे लटकले. थोड्या वेळाने कळप त्या दिशेला वळले, आधी कडेचे, मग मधले, एकामागे एक रांगा धरून. लांबचा पाऊस त्यांना कळतो आणि नवं गवत तिकडे फुटणार म्हणून ते निघतात. अंधार पडेपर्यंत रांगा संपल्या नव्हत्या.

सहावा दिवस : सेरोनेरा

नाबी टेकडीच्या फाटकातून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात शिरलो. १९५१ चं उद्यान, १४,७६३ चौरस किलोमीटर. न्दुटूला रस्ता सोडून गाडी नेता येते, इथे नाही. गवत उंच, त्यामुळे चित्ता आणि सिंह शोधणं कठीण. नदीकाठच्या पिवळ्या बाभळीवर एक बिबट्या दिसला, पावसात भिजत, चारी पाय फांदीच्या दोन्ही बाजूंना सोडून. बाकी दिवस पक्ष्यांचा होता. लांब शेपटीचे काळे विडोबर्ड, लाल-काळे बिशप, सगळे विणीच्या पिसाऱ्यात, आणि युरोपला परत निघालेल्या पांढऱ्या करकोच्यांचे थवे.

जेवताना बाबांनी बुळकांडीचा विषय काढला. १८९० च्या दशकात हा रोग पूर्व आफ्रिकेत आला, मसाईंच्या गाई मेल्या, लोक उपासमारीने मेले आणि विल्डबीस्ट, रानम्हशीही मेल्या. पुढची साठ-सत्तर वर्षं तो इथे टिकून राहिला. आजूबाजूच्या गाईंना लस टोचायला सुरुवात झाली आणि १९६० च्या दशकात रानातल्या जनावरांतूनही रोग नाहीसा झाला. रानातल्या एकाही जनावराला लस द्यावी लागली नव्हती. अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. इतकी तोंडं गवत खाऊ लागल्यावर वणवे कमी झाले आणि झाडं परत आली. आपल्याकडे बाबांनी नोकरीच्या सुरुवातीला गावोगाव बैलगाडीने जाऊन बुळकांडीच्या लसी टोचल्या आहेत. २०११ मध्ये हा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. काल पाहिलेली गर्दी गाईंना टोचलेल्या सुईमुळे आहे, हे बाबा शांतपणे सांगत होते आणि टेबलावरचे सगळे, इतर पाहुणेसुद्धा, ऐकत होते.

सातवा दिवस : परत

सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने आरुशा. पावसाळ्यात हे विमान उशिरा सुटू शकतं, त्यामुळे पुढच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक रात्र मध्ये ठेवावी. आम्ही ठेवली होती आणि ती उपयोगी पडली.

धावपट्टीजवळच्या झुडपावर चातक बसला होता. आपल्याकडे मान्सूनच्या तोंडावर जे चातक येतात ते आफ्रिकेतूनच येतात. पाऊसही काही अंशी त्याच वाटेचा. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो, मार्च ते मे टांझानिया-केनियावर असतो. पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून वळलेले वारे अरबी समुद्रावरून आपला मान्सून आणतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं. इथिओपिया किंवा केनियात विमान बदलताना बारा तासांहून जास्त थांबणार असाल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मसिकात डास जास्त असतात. कॅमेऱ्यासाठी रबरी पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्या. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे का, सोबत फावडं, जॅक, फळी आणि ओढायचा पट्टा आहे का, हे आधी विचारून घ्या. आणि मुक्कामाची जागा आठवड्यानुसार ठरवा: मार्चमध्ये आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात न्दुटू, एप्रिलअखेर कळप साधारण मोरू टेकड्यांकडे सरकतात, मेच्या मध्यापासून ते सेरोनेरा ओलांडून पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे निघतात. पाऊस पुढेमागे झाला तर कळपही पुढेमागे होतात, तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी कॅम्पला फोन करून कळप कुठे आहेत ते विचारा.